ड्राइव्हवेवरचा स्नो आणि आइस: कोणती अवजारं घ्यावीत?

कृष्णाकाठ (बॅरी, ऑन्टारियो)

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात टोरांटोतलं अपार्टमेंट सोडून आम्ही बॅरीला स्वतंत्र घरात राहायला आलो. तिथे स्नो काढायचं काम बिल्डिंगकडे होतं, इथे सगळं आमच्यावर आहे. शेजारी सांगतात की जॉर्जियन बेवरून वारा सुटला की लेक इफेक्टने (तळ्याच्या पाण्यावरून आलेल्या थंड वाऱ्याने पडणारा स्नो) एका रात्रीत फूटभर पडतो, आणि तेव्हाच थोड्या अंतरावरच्या गावात कोरडं असतं. दुकानात बघायला गेलो तर शव्हल्सची (स्नो काढायच्या फावड्यांची) अख्खी भिंत लावलेली. काहीच ठरेना.

घराची माहिती देते, म्हणजे नेमकं सांगता येईल. ड्राइव्हवे डांबरी, दोन गाड्यांचा, साधारण ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब, रस्त्याकडे थोडा उतार. पुढच्या दाराच्या पायऱ्या काँक्रीटच्या, सप्टेंबरमध्येच नव्याने ओतून घेतल्यात. मागे लाकडी डेक. नवऱ्याचं कंबरेचं दुखणं जुनं आहे. बाबा (वय ६८) जानेवारीत सांगलीहून येतायत. त्यांना रिकामं बसवत नाही, "मी काढतो की बर्फ" असं फोनवर आत्तापासूनच चाललंय. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे.

तर शव्हल कोणतं घ्यावं, ब्लोअर (स्नो दूर फेकणारं मशीन) लागेलच का, आणि मीठ किती टाकायचं?

हिमगौरी (मिनियापोलिसजवळ)

कृष्णाकाठ, आधी एक हिशोब मांडू, त्यावरून बरंच ठरेल. तुझा ड्राइव्हवे ७२ चौरस मीटर. त्यावर २० सेंटिमीटर स्नो पडला तर १४ घनमीटरच्या वर झाला. ताजा, भुसभुशीत, कोरडा स्नो घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे सुमारे दीड टन. मार्चमधला ओला स्नो घनमीटरला ३०० किलोपर्यंत जातो, मग तोच ढीग चार टनांच्या वर. हे सगळं उचलायचं नसतं, ढकलायचं असतं. अवजार निवडताना हे सगळ्यात आधी डोक्यात ठेव.

म्हणून एक शव्हल पुरत नाही. पहिला हवा पुशर: २४ ते ३० इंच रुंद, खोलगट वळलेलं पातं, सरळ लांब दांडा. पाच-सात सेंटिमीटर पडला की बाहेर जायचं आणि ढकलत कडेला न्यायचं. उचलणं जवळजवळ नाहीच. दुसरं उचलायचं शव्हल: १८ इंचांच्या पुढे जाऊ नकोस. दुकानात मोठं पातं बघून वाटतं की काम लवकर होईल, पण ओल्या स्नोने भरलेलं २४ इंची शव्हल उचललं की कंबर धरलीच. पातं प्लास्टिकचं किंवा अल्युमिनियमचं, हातात घेतल्यावर हलकं लागलं पाहिजे. वाकड्या दांड्याचं मिळतं, त्याने कमी वाकावं लागतं. तुझ्या नवऱ्यासाठी तेच. पण दुकानातच दांडा धरून उभं राहून बघायला सांग, उंचीला जुळला नाही तर वाकड्या दांड्याचा काही उपयोग नाही.

पात्याच्या कडेला स्टीलची पट्टी असते ती डांबरावर उत्तम, दाबून बसलेला थर खरवडून निघतो. डेकवर मात्र ती अजिबात नेऊ नकोस, लाकडावर ओरखडे उठतात. डेकसाठी नुसत्या प्लास्टिकच्या कडेचं वेगळं ठेव, आणि फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ढकल.

तिसरी गोष्ट कॅनडात सहज मिळते, ती म्हणजे स्ले शव्हल. मोठा पसरट डबा आणि त्याला दोन्ही हातांनी धरायचा यू आकाराचा दांडा. आत ढकलायचा, मागे कलवायचा, घसरत न्यायचा आणि ओतायचा. सगळं वजन जमिनीवर राहतं. आमच्या शेजारच्या मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात याला युपर स्कूप म्हणतात आणि तिथे घरोघरी असतो. फूटभर स्नो अंगणात हलवायचा तर याच्यासारखं हाताचं अवजार नाही. पायऱ्यांवर आणि अरुंद जागेत चालत नाही, एवढंच.

आणि पात्यावर सिलिकॉन स्प्रे मारून ठेव. ओला स्नो चिकटत नाही.

पहाटवारा (ओटावा)

हिमगौरीशी सहमत, पण बॅरीत दोन गाड्यांचा ड्राइव्हवे असेल तर ब्लोअर घ्याच. कारण ड्राइव्हवे नाही, कारण विंड्रो. सिटीचा प्लाउ (पुढे पातं लावलेला स्नो ढकलणारा ट्रक) रस्ता साफ करत गेला की तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. त्यात रस्त्यावरचं मीठ, चिखल, बर्फाचे गोटे सगळं असतं. दोन तास तसाच राहिला तर गोठून दगड होतो. हाताने काढायला सगळ्यात जीवघेणा भाग हाच.

सिंगल स्टेज मशीनमध्ये समोरचा ऑगरच (आडवा फिरणारा मोठा स्क्रू) स्नो ओढतो आणि फेकतो. ऑगरची रबरी पाती जमिनीला घासतात, त्यामुळे डांबर अगदी स्वच्छ निघतं. वजनाला हलकं, गराजमध्ये जागा कमी लागते. पण सात-आठ इंचांच्या वर आणि गोठलेल्या विंड्रोमध्ये ते अडतं. टू स्टेजमध्ये ऑगर स्नो आत घेतो आणि मागचा इम्पेलर (पंख्यासारखं चाक) वेगाने बाहेर फेकतो. २४ किंवा २६ इंची टू स्टेज तुम्हाला पुरेल. मशीन शंभर किलोच्या आसपास जातं, पण चाकांना इंजिनाची ताकद असते, ढकलावं लागत नाही.

घेताना शीअर पिनांचं जादा पाकीट सोबतच घ्या. ऑगरमध्ये दगड किंवा वर्तमानपत्राचं गुंडाळं अडकलं की ही पिन मुद्दाम आधी तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिथे बसवू नका. तो तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल.

नवऱ्याला आणि बाबांना आजच एक गोष्ट बजावून ठेवा: चूटमध्ये (स्नो बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात) स्नो अडकला तर हात घालायचा नाही. इंजिन बंद केल्यावरसुद्धा ऑगरमध्ये ताण अडकून राहिलेला असू शकतो, अडथळा निघाला की पातं फिरतं. दरवर्षी लोकांची बोटं जातात. मशीनसोबत प्लास्टिकची काठी येते, तीच वापरायची, तीही इंजिन बंद करून आणि पाती थांबल्यावर.

निळी_शाल (बोस्टन)

ब्लोअरला +१. पण पेट्रोलचाच घ्या असं नाही. आमच्याकडे बॅटरीवरचा आहे. सुरू करायला दोरी ओढावी लागत नाही, आवाज कमी, कार्ब्युरेटर नाही. पहाटे साडेपाचला काढताना शेजाऱ्यांची झोप मोडत नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बॅटऱ्या मात्र घरात ठेवायच्या, गराजमध्ये नाही. थंडीत त्यांची क्षमता उतरते, आणि लिथियम-आयनची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. घरातून उबदार बॅटरी काढून मशीनला लावली की चांगलं चालतं.

दुसरं, अवजारापेक्षा वेळ महत्त्वाची. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बोस्टनला ११०.६ इंच पडला, तो इथला विक्रम आहे. त्या सीझनमध्ये ज्यांनी वादळ सुरू असतानाच तीन-तीन तासांनी थर काढले त्यांचे ड्राइव्हवे उघडे राहिले. "थांबल्यावर एकदाच काढू" म्हणणाऱ्यांना नंतर फेकायलाच जागा उरली नाही. स्नोवर गाडी चालवायच्या आत काढा. चाकाखाली दाबला गेला की तो आइस होतो आणि मग शव्हलचं काम संपतं.

तेव्हा लागतो आइस चॉपर: लांब दांड्याला सरळ स्टीलचं पातं, सुतारदादाच्या पटाशीसारखं. उभं आपटायचं नाही, तिरकं धरून थराच्या खाली घुसवायचं आणि उचकटायचं. डांबरावर चालतं. नव्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर मुळीच नाही.

नाडीपरीक्षा (न्यू जर्सी)

मी हृदयरोग विभागात काम करते, म्हणून बाबांबद्दल स्पष्टच लिहिते. त्यांना शव्हल हातात देऊ नका. पुशरही नको, "थोडंसं दाराजवळचं"ही नको.

थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यात हा व्यायाम हातांचा. पाय जवळजवळ एका जागी, ओझं उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. हृदयाची मागणी एकदम वाढते आणि पुरवठा त्याच वेळी कमी होतो. क्यूबेकमधल्या १९८१ ते २०१४ पर्यंतच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये आला. २० सेंटिमीटर स्नो पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने भरती होण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी जास्त दिसलं. स्त्रियांमध्ये तसं दिसलं नाही. कोण शव्हल करत होतं हे त्या नोंदींत नव्हतं, पण अभ्यासकांचा रोख तिकडेच आहे.

आणि आपल्या लोकांना हे जास्त लागू आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो, जामा नियतकालिकात २००७ मध्ये आलेल्या तुलनेत ५३ विरुद्ध जवळपास ५९ वर्षं असं वय होतं. म्हणून नवऱ्यानेही, चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल तर, उठल्या उठल्या उपाशीपोटी किंवा भरपेट नाश्ता करून जाऊ नये. पाच मिनिटं घरातच हातपाय हलवून मग बाहेर. छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घाम असं काही झालं तर शव्हल तिथेच टाकून ९११. "ढीग संपवून बघू" असं नाही.

बाबांना काम हवंच असेल तर त्यांच्याकडे दुसरी जबाबदारी द्या: हवामान बघणं, बॅटऱ्या चार्ज करणं, आल्यावर सगळ्यांना चहा. माझे वडील इथे आले की हेच करतात आणि मनापासून करतात.

गारपीट (मिसिसागा)

नाडीपरीक्षा, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय. मनापासून आभार.

रसायन (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

मिठाबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

साधं रॉक सॉल्ट म्हणजे सोडियम क्लोराइड. ते जमिनीचं तापमान उणे ९ अंश सेल्सियसच्या आसपास येईपर्यंत उपयोगाचं. त्याच्या खाली इतकं हळू काम करतं की टाकून फायदा नाही. पुस्तकात उणे २१ लिहिलेलं सापडेल. तो मिठाच्या अगदी नेमक्या तीव्रतेच्या द्रावणाचा गोठणबिंदू आहे, ड्राइव्हवेवर तशी स्थिती येत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड उणे १५ पर्यंत चालतं. कॅल्शियम क्लोराइड उणे २५ च्याही खाली चालतं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं आणि विरघळताना उष्णता सोडतं. महाग आहे, पण थोडं लागतं. बॅरीत जानेवारीच्या रात्री उणे दहाच्या खाली जाणं नेहमीचं, त्यामुळे छोटी कॅल्शियम क्लोराइडची बरणी असू द्या. हातमोजे घालूनच टाका, ओल्या त्वचेला ते झोंबतं.

पोत्यावर नुसतं "आइस मेल्ट" लिहिलेलं असतं. पोतं उलटं करून घटक वाचा. बऱ्याचदा रंग घातलेलं रॉक सॉल्टच असतं, वर थोडं दुसरं शिंपडलेलं. अमोनियम सल्फेट किंवा अमोनियम नायट्रेट दिसलं तर काँक्रीटसाठी घेऊच नका.

कृष्णाकाठ, तुमच्या पायऱ्या सप्टेंबरच्या आहेत. पहिल्या हिवाळ्यात त्यांवर कोणतंही मीठ नको. मिठामुळे पाणी पुन्हापुन्हा वितळतं-गोठतं, आणि नवं काँक्रीट अजून त्या ताणाला तयार नसतं, वरचे पापुद्रे सुटतात. तिथे फक्त वाळू आणि खराटा.

आता किती टाकायचं? मूठ-मूठ पेरत जाणारे लोक बघितले की जीव तुटतो. १२ औंसांचा कॉफीचा मग भरून मीठ साधारण २० फूट ड्राइव्हवेला पुरतं. दाणे एकमेकांपासून दोन-तीन इंचांवर पडले पाहिजेत. हाताने फेकण्यापेक्षा हातात धरायचा छोटा स्प्रेडर घ्या, मीठ अर्ध्यावर येईल. आणि आधी स्नो काढायचा, मगच मीठ. मीठ हे शव्हलच्या ऐवजी वापरायचं साधन नाही. ते जमिनीला चिकटलेला पातळ थर सोडवण्यासाठी आहे.

मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं दूषित करतं. कायमचं, कारण क्लोराइड पाण्यातून सहज काढता येत नाही. आमच्याकडच्या मेंडोटा आणि मोनोना तळ्यांत क्लोराइड गेली कित्येक दशकं वाढतच चाललंय. तुमच्याकडचं वितळलेलं पाणी शेवटी लेक सिम्को गाठणार. कोरडं झाल्यावर जमिनीवर दाणे उरले तर झाडून डब्यात भरा, पुढच्या वेळी वापरा.

पहाटवारा

रसायन, सगळं पटतं, पण फ्रीझिंग रेनला (जमिनीला लागताच गोठणाऱ्या पावसाला) काय करणार? ओटावात तो वारंवार येतो. तेव्हा आधी शव्हल करण्यासारखं काही नसतंच, काचेसारखा थर असतो. मी तो यायच्या आधीच मीठ टाकतो आणि त्यानेच पाय टिकतात.

रसायन

तिथे तुमचं बरोबर आहे, माझा नियम स्नोसाठी होता. फ्रीझिंग रेनच्या आधी टाकलेलं थोडं मीठ नंतरच्या पोतंभर मिठापेक्षा जास्त काम करतं, कारण थर जमिनीला पकडतच नाही. फक्त तापमान बघा. उणे बारा असेल तर मिठाऐवजी खडबडीत वाळू.

इसारकाठ (म्युनिक)

इकडे जर्मनीत तर बऱ्याच शहरांत फुटपाथवर मीठ टाकायला घरमालकांना बंदीच आहे. बर्लिनमध्ये आहे, आमच्याकडेही, पायऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडून. लोक श्प्लिट टाकतात, म्हणजे बारीक फोडलेली खडी. ती वितळवत नाही, पण उणे वीसलाही पकड देते आणि वसंतात झाडून परत गोळा होते. घरासमोरचा फुटपाथ सकाळी साफ नसेल आणि कोणी घसरून पडलं तर जबाबदारी घरमालकाची, त्यामुळे सगळे मनावर घेतात.

रोहतांगपार (पुणे)

ताई, मी फौजेत असताना हिमाचलातल्या लाहौलमध्ये, केलाँग भागात राहिलो आहे. लाहौलात घरांची छपरं सपाट आणि मातीची, त्यावरचा बर्फ लाकडी फावड्यानेच काढतात. लोखंडी पात्याने मातीचा थर कापला जातो आणि वसंतात छत गळतं. तुमच्या डेकबद्दल वर लिहिलंय ते अगदी याच तत्त्वाचं आहे. पृष्ठभागापेक्षा कठीण धार वापरायची नाही.

बफेलोकर

छपराचा विषय निघालाच आहे तर रूफ रेकही घ्या, म्हणजे छपरावरचा स्नो खाली ओढायचं लांब दांड्याचं अवजार. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात ८० इंचांच्या आसपास पडला होता. पण रूफ रेक केवळ अशा वादळांसाठी नाही. घरातली उष्णता अॅटिकमधून (छपराखालच्या माळ्यातून) वर जाते, छपरावरचा स्नो खालून वितळतो, पाणी ओघळून थंड कडेला येतं आणि तिथे गोठतं. हा आइस डॅम. मागचं पाणी मग शिंगल्सच्या (छपरावरच्या पातळ फरशांच्या) खाली घुसून भिंतीत उतरतं. कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा रेकने मोकळा ठेवला तर हे टळतं. खरा इलाज अॅटिकचं इन्सुलेशन आहे.

रेक जमिनीवर उभं राहूनच वापरायचा, शिडीवरून नाही. दांडा अल्युमिनियमचा असतो, वर वीजवाहिनी आहे का ते आधी बघायचं. शिंगल्सपर्यंत खरवडायचं नाही, दोन-तीन इंच स्नो राहू द्यायचा. आणि आइस डॅमवर हातोडा कधीच नाही.

अजून एक, जे अवजार नाही पण सगळ्यात आधी करायचं. नव्या फर्नेसचे (घर गरम करणाऱ्या भट्टीचे) प्लास्टिकचे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात. ते स्नोने बुजले तर फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. ड्राइव्हवेच्या आधी तिथे जा. पेट्रोलचा ब्लोअर गराजमध्ये चालू करून गरम होऊ देणं, दार उघडं असलं तरी, तेही नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार. दोन संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी सगळं वाचलं. नाडीपरीक्षा यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ठीक आहे, हवामान मी बघतो." नवऱ्याने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे.

ठरलं ते असं: २४ इंची पुशर, वाकड्या दांड्याचं १८ इंची शव्हल, डेकसाठी प्लास्टिकचं, आइस चॉपर, रूफ रेक, वाळूची दोन पोती. बुटांना लावायचे क्लीट्सही घेतोय. पेट्रोल की बॅटरी, यावर घरात अजून एकमत नाही. आणि एक नवा प्रश्न: विंड्रोतला स्नो समोर रस्त्यापलीकडे ढकललेला चालतो का? गल्लीत काही जण करताना दिसतात.

पहाटवारा

रस्त्यावर टाकायचा नाही. ऑन्टारियोच्या हायवे ट्रॅफिक अॅक्टच्या १८१ व्या कलमात तशी मनाई आहे, आणि गोठलेल्या ढिगावर रात्री कोणाची गाडी घसरू शकते. आपल्याच अंगणात टाका.

विंड्रो कमी करायची एक पद्धत आहे. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहा. प्लाउ तुमच्या डाव्या हाताने येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने, दोन-तीन मीटरचा एक खिसा आधीच मोकळा करून ठेवा. प्लाउच्या पात्यावर साचलेला स्नो त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी कमी येतो. तुमचा सगळा ढीग उजवीकडे घाला, डावीकडे घातलात तर प्लाउ तोच परत आणून टाकेल. जवळपास फायर हायड्रंट असेल तर तोही मोकळा ठेवा.

पेट्रोल-बॅटरीचं म्हणाल तर विंड्रो किती मोठा होतो त्यावर ठरवा. बॅरीत दोन गाड्यांच्या रुंदीचा गोठलेला बांध आठवड्यातून दोन-तीनदा काढायचा असेल तर मी अजूनही पेट्रोलच्या टू स्टेजकडेच झुकेन. घेतलात तर एप्रिलमध्ये टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा किंवा स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला. जुन्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो आणि पहिल्या वादळाच्या सकाळी मशीन चालू होत नाही.

निळी_शाल

बॅटरीवरचे टू स्टेजही आता मिळतात, कृष्णाकाठ. दुकानात जाऊन दोन्ही हाताळून बघ. नवऱ्याच्या कंबरेचा विचार करता मशीन वळवताना किती जोर लागतो ते नक्की तपास. हँडलवर ट्रिगर दाबून एक चाक मोकळं होतं अशी सोय असलेलं घे, शंभर किलोचं धूड मग एका हाताने वळतं. आणि नोव्हेंबर उजाडायच्या आत घे. पहिल्या मोठ्या वादळाची बातमी आली की दुकानात उरलेलं घ्यावं लागतं.